एकच धून, दहा-दहा आवर्तनं : मित्रमंडळींसोबत ओल्ड-टाइम वाजवायचं कसं

दर दुसऱ्या गुरुवारी रात्री आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सरकतं आणि मधल्या जागेत पाच खुर्च्या येतात. फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बँजो, गिटार, उभा बेस आणि पाचवी खुर्ची त्या दिवशी जो येईल त्याची. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहमला राहायला आलो तेव्हा मला यातलं काहीच वाजवता येत नव्हतं. लहानपणी सांगलीला आजोबांच्या भजनी मंडळात टाळ वाजवायचो, एवढीच शिदोरी. पण शेजाऱ्यांच्या पडवीत ओल्ड-टाइम, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतलं नाचाच्या जुन्या धुनांचं संगीत, पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा ते ओळखीचं वाटलं. सुरांमुळे नव्हे, बसण्यामुळे. माणसं एकमेकांकडे तोंड करून बसली होती आणि ऐकणाऱ्यांकडे सगळ्यांची पाठ होती.

तशी बैठक आपल्या घरी जमवायची असेल तर काय काय करावं लागतं, ते इथे लिहितो. बराचसा भाग चुकून शिकलेला आहे.

आधी हे काय आहे ते

बँजो म्हटलं की मुंबई-कोकणातल्या माणसाला मिरवणुकीतली बँजो पार्टी आठवते. तो बँजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळांचा बुलबुल तरंग. तो इथे विसरायचा. इथल्या बँजोला लांब दांडी, डफासारखं ताणलेलं गोल तोंड आणि पाच तारा असतात. पाचवी तार आखूड असते आणि ती दांडीच्या मध्यावरच्या खुंटीपासून सुरू होते. धून कुठेही फिरो, ही तार मधून मधून तोच एक टिपेचा सूर देत राहते. तुणतुण्याचं काम.

बँजोचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले, पोकळ भोपळ्याचं पोट असलेले. गुलाम करून आणलेल्या माणसांनी त्यांच्या आठवणीतून हे वाद्य कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत पुन्हा घडवलं. फिडल स्कॉटलंड-आयर्लंड-इंग्लंडहून आलेल्या लोकांबरोबर आलं. दोन्हींची गाठ अमेरिकेच्या दक्षिणेत पडली आणि नाचाच्या रात्रींना ही जोडगोळी पुरेशी ठरली. गिटार बरीच उशिरा, १९व्या शतकाच्या शेवटाकडे आणि २०व्याच्या सुरुवातीला, टपालाने माल धाडणाऱ्या दुकानांच्या कॅटलॉगांमधून दक्षिणेतल्या डोंगराळ भागात पोचली. १९२३ मध्ये अटलांटात फिडलिन जॉन कार्सनची तबकडी निघाली, अपेक्षेबाहेर खपली आणि मग कंपन्यांची माणसं वादक शोधत दक्षिणेत हिंडू लागली. 'ओल्ड-टाइम' हे बिरुद त्याच काळात तबकड्यांच्या जाहिरातींवर रुळलं. म्हणजे हे संगीत विकायला आलं तेव्हाच 'जुनं' म्हणून आलं.

ब्लूग्रासशी याची गल्लत करू नका. ब्लूग्रास १९४०च्या दशकात बिल मन्रोच्या बँडमधून पुढे आलं. तिथे एकेक वादक पाळीपाळीने पुढे येऊन आपली करामत दाखवतो. ओल्ड-टाइममध्ये कुणीच पुढे येत नाही. सगळे मिळून एकच धून, एकाच वेळी, पुन्हा पुन्हा वाजवतात. आमच्याकडे नवा गिटारवाला आला की तिसऱ्या आवर्तनाला आशेने इकडेतिकडे बघतो, आता आपली पाळी येईल म्हणून. ती येत नाही. हे ज्याला रुचेल त्यालाच पुढचं सगळं रुचेल.

माणसं किती आणि कोणती

तीन ते सहा. धून पाठ असलेलं किमान एक फिडल हवंच, कारण बाकी सगळे त्याला धरून चालतात. फिडल अगदीच मिळालं नाही तर मँडोलिन चालेल, तारांचा मेळ तोच असतो. बँजो एक, फार तर दोन. गिटार एक. बेस एकच.

गिटार एक हे जरा कठोर वाटेल, पण दोन गिटारी असल्या की एकाच जागी एक जण डी कॉर्ड (एकत्र छेडायचा सुरांचा जोड) धरतो, दुसरा जी, आणि फिडलवाल्याचा चेहरा कडू होतो. दोन गिटारवाले मित्र असतील तर एकाने आळीपाळीने बेस धरावा. बेस मिळवणं अवघड, ठेवायला जागा लागते आणि गाडीत मावत नाही. पण तो आला की बाकी सगळ्यांचं वाजवणं अचानक बरं वाटू लागतं. षड्ज आणि पंचम आलटून पालटून देता आले की सुरुवातीला भागतं.

वाद्यं लगेच विकत घेऊ नका. अमेरिकेत व्हायोलिनच्या दुकानांतून फिडल महिन्याच्या भाड्याने मिळतं. बँजो घेताना मागची बाजू उघडी असलेला घ्या. मागे झाकण लावलेला, खणखणीत आवाजाचा बँजो ब्लूग्रासवाल्यांचा. उघडा बँजोसुद्धा स्वयंपाकघरात फार वाटला तर मागून, चामडं आणि आतली दांडी यांच्यामध्ये जुना मोजा कोंबा. गंमत नाही, भलेभले वादक असंच काहीतरी कोंबतात.

खुर्च्या

हात नसलेल्या. हातवाल्या खुर्चीत बँजो बसत नाही आणि फिडलचा गज अडकतो. गोल इतका लहान करा की समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल की काय असं वाटावं. नव्या लोकांना हे अवघडल्यासारखं होतं आणि ते हळूच खुर्ची मागे सरकवतात. सरकवू देऊ नका. चार फूट अंतर पडलं की लय सैल होते, हे आम्ही अंगणात मोठं वर्तुळ करून एकदा पाहिलंय. फिडल आणि बँजो शेजारी शेजारी, गिटार अशा जागी की तिला फिडलवाल्याचा उजवा हात दिसेल. धून पाठ नसलेल्यांनी दुसऱ्या रांगेत, गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे बघत बसावं. तिथून हलक्या हाताने वाजवायला कुणाची ना नसते.

नोटेशनचा स्टँड मध्ये ठेवायचा नाही. कागदाकडे बघणारा माणूस ऐकत नाही.

सूर लावणं, आणि तासभर एकाच पट्टीत राहणं

नवखे लोक इथेच सगळ्यात जास्त गोंधळतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आपल्याकडे गायकाची पट्टी ठरते आणि मैफल तिच्यात चालते. ओल्ड-टाइमच्या बैठकीत असंच होतं, पण कारण गायक नसून बँजो आणि फिडल असतं. मोकळ्या तारा गुंजत राहाव्यात म्हणून ही दोन्ही वाद्यं पट्टीनुसार वेगवेगळी जुळवतात. दर धुनेला पट्टी बदलली तर अर्धी रात्र खुंट्या पिळण्यात जाईल. म्हणून तासभर डी, मग चहा, मग तासभर ए, असं चालतं. जी आणि सी पट्टीचं पुढे बघता येईल.

फिडलची नेहमीची जुळणी, जाड तारेकडून बारीककडे, जी-डी-ए-ई. डी पट्टीसाठी ती तशीच ठेवली तरी चालते. ए पट्टीसाठी खालच्या दोन्ही तारा एकेक पूर्ण स्वर चढवतात आणि ए-ई-ए-ई होते. आता ए ला सा म्हणा : सा-प-सा-प. कर्नाटक संगीतातले वादक व्हायोलिन ज्या नात्याने जुळवतात, तंतोतंत तेच. डोंगरातल्या फिडलवाल्यांनी आपल्या वाटेने तेच गाठलं, कारण गरजही तीच होती, वाजवलेल्या सुरामागे आस हवी. पहिल्यांदा ही जुळणी ऐकली तेव्हा फिडलच्या पोटात तंबोरा आहे की काय असं मला वाटलं.

तारा चढवताना दोन गोष्टी सांभाळा. एक, खालच्या दोन चढवल्या की वरच्या दोन किंचित उतरतात, म्हणून सगळी फेरी दोनदा करा. दोन, खुंटी पिळली की तारेबरोबर घोडीचं डोकं दांडीकडे ओढलं जातं. बाजूने बघून ती पुन्हा सरळ उभी करा. कलती घोडी एखाद्या दिवशी आडवी पडते, आणि मोठा आवाज होतो.

बँजोची जुळणी आखूड पाचव्या तारेपासून सांगतात. मूळची जी-डी-जी-बी-डी. दुसऱ्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून पाचवी तार ए ला नेली की ए पट्टी तयार. डी पट्टीसाठी आधी जी-सी-जी-सी-डी करायचं आणि मग तोच कॅपो, तीच पाचवी तार, म्हणजे ए-डी-ए-डी-ई मिळतं. कॅपो पाचव्या तारेपर्यंत पोचत नाही, म्हणून तिच्यासाठी सातव्या पडद्याजवळ एक बारीक खिळा ठोकलेला असतो. खेळण्यातल्या रेल्वेचे रूळ बसवायचे असतात ना, तेच खिळे. तार त्याखाली अडकवायची. हे काम स्वतः करू नका, वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

दांडीला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर प्रत्येकाकडे हवा. आणि एक जण सूर लावत असताना बाकीच्यांनी वाजवत बसू नये. हे सांगावं लागतं. दर वेळी.

धून शिकायची कशी

बहुतेक धुनांचे दोन भाग. पहिला भाग आठ मापांचा, तो दोनदा. दुसरा आठ मापांचा, तोही दोनदा. एक भाग बहुधा खालच्या सुरांत, दुसरा चढा, म्हणजे साधारण अस्थायी-अंतरा. एका मापात दोन ठोके धरले तर पूर्ण आवर्तन ६४ ठोक्यांचं होतं. नाचाची लय मिनिटाला ११० ठोक्यांच्या आसपास असते, त्या हिशेबाने एक आवर्तन सुमारे ३५ सेकंदांचं. दहा आवर्तनं म्हणजे जेमतेम सहा मिनिटं. ऐकणाऱ्याला ती लांबतात, वाजवणाऱ्याला कमी पडतात. काही धुना मुद्दाम वाकड्या असतात, एखादा ठोका जास्त किंवा कमी. पहिलं वर्षभर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आधी ऐका. एकच ध्वनिमुद्रण आठवडाभर, भांडी घासताना, गाडीत. मग ते गुणगुणा. मी सरगम म्हणून बघतो, त्याने काम पटकन होतं. 'अँजेलिन द बेकर' डी पट्टीत म्हणून बघा, जवळजवळ भूपच लागतो. 'ओल्ड जो क्लार्क' ए पट्टीत म्हणा, कोमल निषाद येईल आणि खमाज थाट हाताशी लागेल. राग म्हणायची घाई नको, चलन निराळं आहे. पण कुठले स्वर लागतात हे आधी कळलं की बोटं चाचपडत नाहीत.

गुणगुणता आलं की फक्त ठोक्यावरचे स्वर वाजवा. मधली सगळी नक्षी गाळा. हा सांगाडा हळू पण न अडखळता दहा वेळा फिरला की बैठकीत बसायला तुम्ही तयार आहात. नक्षी तिथे आपोआप चिकटते. उलटं करणारे, म्हणजे सगळी नक्षी घरी पाठ करून येणारे, एक स्वर चुकला की थांबतात. सांगाडा वाजवणारा चुकतो आणि पुढे जातो.

मूळ वादक ऐकायचे तर नॉर्थ कॅरोलायनातल्या माउंट एअरीजवळच्या टॉमी जॅरेलपासून (१९०१-१९८५) सुरुवात करा. आयुष्यभर राज्याच्या रस्ते खात्यात रस्ता सपाट करायचं यंत्र चालवलं, आणि निवृत्तीनंतर देशभरातली तरुण पोरं त्यांच्या दारात शिकायला येऊन बसली. व्हर्जिनियातल्या ग्लेन लिनच्या हेन्री रीड यांची १९६०च्या दशकात लोकसंगीताचा अभ्यासक ॲलन जबूरने केलेली ध्वनिमुद्रणं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट ऐकायला मिळतात. आणि आमच्या डरहमपासून अर्ध्या तासावर मेबेन गावी जो थॉम्पसन (१९१८-२०१२) राहायचे. ते कृष्णवर्णीय फिडलवादक, घरातूनच चालत आलेली परंपरा. कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स या बँडची तरुण मंडळी त्यांच्याकडे आठवड्याला जाऊन बसायची. हे संगीत फक्त गोऱ्या डोंगरी लोकांचं, असं कुणी सांगितलं तर जो थॉम्पसन ऐकवा.

शब्दांबद्दलही एक सांगून ठेवतो. कित्येक धुनांना पदं आहेत आणि ती बैठकीत अधूनमधून गायली जातात. यातली काही गाणी गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करण्याच्या रंगमंचावरून आलेली आहेत. 'अँजेलिन'चं मूळ गाणंसुद्धा स्टीफन फॉस्टरने १८५० मध्ये तशाच रंगमंचासाठी रचलेलं. धून वाजवा, पण पदं गाण्याआधी एकदा नीट वाचा. अर्थ न कळता ठेक्यावर डोलत मी एकदा गायलो होतो, आणि शेजारच्या खुर्चीतल्या मैत्रिणीने गिटार खाली ठेवली होती.

कोणी काय करायचं

फिडलवाल्याचा जीव गजात असतो. डावा हात साधा असला तरी चालतो, उजव्या हाताने नाचवलं पाहिजे. एक लांब आणि दोन आखूड, एक लांब आणि दोन आखूड, हा गजाचा मूळ ठेका. ठेक्याला बांधील राहा, सुराला नंतर.

बँजो इथे नखाने वाजवतात, खाली मारून. पंजा वाघनखासारखा अर्धवट मिटायचा, तर्जनीच्या किंवा मधल्या बोटाच्या नखाच्या पाठीने तार खाली मारायची, मग तारा एकत्र छेडायच्या आणि लगेच अंगठ्याने पाचवी तार. धूम्-ता-का, धूम्-ता-का. पहिले दोन महिने एवढंच. नख तुटत असेल तर पार्लरमध्ये ॲक्रिलिक लावून घ्या. आमचा बँजोवाला पेशाने सुतार आहे आणि महिन्यातून एकदा न लाजता जाऊन बसतो.

गिटारने ठोक्यावर खर्जाची तार आणि मधल्या जागी कॉर्ड, एवढंच करावं. सातव्या, नवव्या सुरांच्या शोभेच्या कॉर्ड नकोत. 'ओल्ड जो क्लार्क'सारख्या कोमल निषादाच्या धुनेत ए नंतर सवयीने ई कडे जाल, तिथे बरेचदा जी हवी असते. कॉर्ड ठरत नसेल तर मूळ कॉर्डवरच थांबा. न बदललेली कॉर्ड खपते, चुकीची बदललेली खपत नाही.

प्रत्यक्ष वाजवताना

ज्याने धून सुचवली तो तिचं नाव आणि पट्टी सांगतो, आणि लय ठरवायला गजाने चार ठोके देतो. या चार ठोक्यांना इथे 'चार बटाटे' म्हणतात. वन पोटेटो, टू पोटेटो असं तोंडाने म्हणून बघा, तोच ठेका. ती धून त्याची. लय तो म्हणेल ती, शेवटही तोच करणार.

धून अनोळखी असेल तर पहिली दोन आवर्तनं वाद्य मांडीवर ठेवून ऐका. तिसऱ्याला खर्जाचे स्वर. पाचव्या-सहाव्यापर्यंत निम्मी धून हाताखाली येते. दहा-दहा आवर्तनांचा हा खरा उपयोग, शिकवणी आणि वाजवणं एकाच वेळी. सातव्या-आठव्या आवर्तनानंतर कधीतरी असं होतं की कोण काय वाजवतोय ते वेगळं ऐकू येत नाही. भजनात 'विठ्ठल विठ्ठल' चढत जातं आणि टाळ कुणाचे ते कळेनासं होतं, तशातलाच तो प्रकार. तो दर गुरुवारी येत नाही.

थांबायचं असेल तेव्हा धून सुरू करणारा शेवटच्या आवर्तनात एक पाय उचलून पुढे धरतो. तो पाय दिसला की भाग संपताच सगळे एकदम थांबतात. म्हणून डोळे मिटून वाजवू नका. आमच्याकडचे एक काका मिटतात, आणि दर वेळी दोन माप एकटेच पुढे जातात.

लय धावू लागली तर कुणावर ओरडण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा सगळे मोठ्याने वाजवत असतात म्हणून धावते. धून सुरू करणाऱ्याने आवाज उतरवावा, बाकीचे आपोआप उतरतात आणि लय बसते. फिडल ऐकू येत नसेल तर तुम्ही मोठं वाजवताय, एवढा नियम पाठ ठेवा. चुकीचा स्वर लागला तर तोंड वाकडं करू नका. पुढच्या ३५ सेकंदांत तीच जागा पुन्हा येते.

धुना गोळा करायची घाई नको. वर्षभरात पंधरा धुना एकत्र, न थांबता वाजवता आल्या तर खूप झालं. पाळीपाळीने प्रत्येकाने एकेक सुचवावी. कुणाला एकच येत असेल तर त्याच्या पाळीला तीच, दर वेळी. आमच्या बेसवालीने सहा महिने 'क्लक ओल्ड हेन' सुचवली. आता ती धून आम्हाला झोपेतही येते.

घराबाहेर

सहा-आठ महिने झाले की मेळ्याला जा. जूनच्या सुरुवातीला माउंट एअरी, ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातलं गेलॅक्स (१९३५ पासून चालू), आणि जुलै संपताना वेस्ट व्हर्जिनियातलं क्लिफटॉप, जिथे लोक आठवडा आठवडा तंबू ठोकून राहतात. स्पर्धा मंचावर असते, तिकडे गेला नाहीत तरी चालेल. खरं वाजवणं तंबूंच्या मधल्या गल्ल्यांत, रात्री दोन-तीनपर्यंत. अनोळखी वर्तुळापाशी थोडा वेळ उभे राहा, पेटीतून वाद्य काढू नका. कुणीतरी खुर्ची सरकवून मान हलवेल, तेव्हा बसा. बेस आधीच असेल तर आपला बेस गाडीतच ठेवा. पाऊस येतोच, तेव्हा बँजोसाठी मोठी प्लास्टिकची पिशवी न्या. ओलाव्याने तोंडावरचं कातडं सैलावतं आणि आवाज मडक्यासारखा येतो. आणि डोंगरात कुणाशी बोलताना त्या डोंगराळ मुलखाला 'ॲपलेशिया' म्हणू नका, तिकडे 'ॲपलॅचा' म्हणतात. सुधारतील तुम्हाला, पण हसून.

गुरुवारी आमच्याकडे साडेदहाला शेवटची धून होते, खालच्या मजल्यावर बाळ आहे. पोह्यांचा डबा रिकामा होतो, बँजोमधला मोजा तसाच राहतो. फिडल मात्र पेटीत ठेवण्याआधी पुन्हा जी-डी-ए-ई ला उतरवून ठेवा, विशेषतः घरात ते आणखी कुणी वाजवत असेल तर. आमच्या फिडलवाल्याची मुलगी एकदा घाईत तेच फिडल शाळेच्या ऑर्केस्ट्राला घेऊन गेली. सरांनी हात वर केला, तिने पहिला गज ओढला, आणि खालच्या दोन तारांवरचा तिचा प्रत्येक सूर बाकीच्यांहून एक स्वर वर निघाला.